बे चोक आठ

सम आणि विषम संख्या शिकवण्यात काय कठीण आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीनंतर सहावीच्या वर्गात उभं राहून बघावं. दोनने भाग जातो ती सम, जात नाही ती विषम. संपलं. पण सुट्टीनंतरचा वर्ग म्हणजे अर्धा झोपेत, अर्धा भांडणात. गणिताच्या बाई हे वाक्य इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या की त्यातला अर्थ कधीच झिजून गेला होता आणि नुसता आवाज उरला होता. तो आवाजही हल्ली दुपारनंतर बसायचा.

"तेवीसला तीनने भाग जातो का?" बाई विचारायच्या.

"होऽ" वर्ग एका सुरात म्हणायचा.

"का?"

"शेवटी तीन आहे, बाई."

आता यांना काय म्हणायचं? दोनसाठी शेवटचा अंक बघायचा, पाचसाठी शेवटचा अंक बघायचा, दहासाठीही शेवटचाच. मग तीनने तरी काय घोडं मारलंय, असा पोरांचा हिशेब. बाई पुन्हा सांगायच्या की तीनसाठी सगळ्या अंकांची बेरीज करा, दोन अधिक तीन पाच, पाचाला तीनने भाग जात नाही, म्हणून तेवीसलाही नाही. पोरं माना डोलवायची. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीसला विचारलं की परत होऽ. पोरं दरवर्षी नवी, चूक तीच जुनी. "पालथ्या घड्यावर पाणी," बाई शिक्षकांच्या खोलीत पर्स टेबलावर टाकत म्हणायच्या. "भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना भिंत पास झाली असती."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रेडिओ. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीला हे नाव वर्गाने दिलं होतं आणि शिक्षकांच्या खोलीने पक्कं केलं होतं. तिचं तोंड बंद असलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नुसत्या गप्पा मारल्या असत्या तर बाईंनी सोडून दिलं असतं, पण ती प्रश्न विचारायची. शून्य सम की विषम? सम. का? दोनने भाग जातो म्हणून. पण बाई, शून्याला तर सगळ्यांनीच भाग जातो, मग ते एकट्या दोनचं कसं? तास चाळीस मिनिटांचा, त्यातली दहा हजेरीत गेलेली, आणि ही तिथे शून्याची वाटणी करत बसलेली.

"शून्य सम आहे. विषय संपला," बाई म्हणायच्या.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. घरी नवऱ्याशी, दारात विक्रेत्याशी, वर्गात पोरांशी. ते म्हटलं की पुढे बोलायची कुणाची प्राज्ञा नसे. रेडिओ तेवढी बसता बसता "पण" म्हणायची.

पहिल्या चाचणीनंतर बाईंनी तिची लेखी तक्रार केली होती. सतत बोलते, इतरांचं लक्ष उडवते. मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावून घेतलं आणि बजावलं की आणखी एक तक्रार आली तर दाखला हातात ठेवू. आईचं इस्त्रीचं दुकान होतं. ती पदराने हात पुसत राहिली आणि निघून गेली. रेडिओ त्यानंतर जेमतेम आठवडाभर गप्प बसली.

खरं सांगायचं तर बाईंना तिचा राग नव्हता. राग यायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते. घरी सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची कूस बदलायला रात्रीतून उठायचं, सकाळी त्यांचं सगळं आवरून शाळेची बस धरायची, आणि दिवसभर उभ्याने घसा ताणायचा. पायांच्या शिरा फुगून निळ्या पडल्या होत्या. बाईंना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे ग्रंथालय. ग्रंथपाल या वर्षी निवृत्त होत होते. व्हरांड्याच्या टोकाला ती खोली, तिथे खुर्ची, आणि भिंतीवर पाटी की इथे बोलू नये. बाईंनी अर्ज दिला होता. मुख्याध्यापक म्हणाले होते, "सहामाहीचे निकाल लागू द्या, मग तुमचाच विचार आहे." तेव्हापासून बाई दिवस ढकलत होत्या.

सहामाही परीक्षा संस्थेच्या सगळ्या शाळांना एकच असायची, आणि पेपर तपासायचे दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी. आपल्या पोरांना आपणच गुण वाटू नयेत म्हणून ही पद्धत. सहावीच्या गणिताचे गठ्ठे परत आले त्या दिवशी शिपायाने येऊन सांगितलं, मोठ्या सरांनी बोलावलंय.

सरांच्या टेबलावर गठ्ठा सोडलेला होता आणि सर खूश नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याचं समाधान मात्र होतं.

"बसा बाई. तुमच्या वर्गाने नाक कापलंय. सामुदायिक कॉपी."

"कॉपी?" बाई म्हणाल्या. "माझी पोरं? त्यांना कॉपी करण्याएवढा उत्साह कुठला आणलात?"

सरांनी वरचा पेपर त्यांच्यापुढे सरकवला. प्रश्न होता: ९१६ या संख्येला ८ ने भाग जातो का? भागाकार न करता कारणासह सांगा. उत्तर चूक होतं. तपासणाऱ्या शिक्षिकेने लाल पेनाने नुसती फुली मारली नव्हती, खाली रेघ ओढून लिहिलं होतं, 'सर्व उत्तरपत्रिकांत शब्दशः हेच.'

"वाचा," सर म्हणाले. "चूक उत्तर एखाद्याचं येतं, दहा जणांचं येतं. पण झाडून सगळ्या वर्गाचं एकच चूक उत्तर, एकाच शब्दांत? तपासणाऱ्या बाई काय खुळ्या आहेत?"

बाईंनी वाचलं. '९१६ सम आहे म्हणून २ ने जातो. शेवटचे दोन अंक १६ आहेत म्हणून ४ ने जातो. बे चोक आठ. म्हणून ८ ने जातोच. विषय संपला.'

त्यांनी दुसरा पेपर घेतला. बे चोक आठ, विषय संपला. तिसरा. अक्षर गिचमिड, पण वाक्य तेच. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने 'विषय संपला' खाली पट्टीने रेघ मारली होती. जो मुलगा तासाला हमखास डुलक्या काढायचा, ज्याला सम आणि विषम यातलं कोणतं कोणतं हे अजून आठवायला लागायचं, त्यानेही लिहिलं होतं.

"विषय संपला म्हणे," सर म्हणाले. "गणिताच्या पेपरात असं कोण लिहितं? कुणीतरी चिठ्ठी फिरवलीय, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलीय."

बाईंच्या हातातला पेपर हातातच राहिला. ही चिठ्ठी कुणी फिरवली होती ते त्यांना कळलं होतं. हे शब्द त्यांच्याच तोंडचे होते. दोन आणि तीनने जातो तर सहाने जातो, तीन आणि पाचने जातो तर पंधराने जातो, असं फळ्यावर लिहून झालं होतं, डोळ्यांवर झापड होती, घंटा व्हायला आली होती, आणि आठचा नियम तेवढा राहिला होता. शेवटचे तीन अंक बघायचे, हा खरा नियम. तो उदाहरणासकट समजावून द्यायला वेळ नव्हता. मग जीभ आपली आपण पुढे गेली. तसंच दोन आणि चारने जातो तर बे चोक आठ, आठने जातोच. विषय संपला. घंटा झाली होती आणि बाई खडू टाकून निघून गेल्या होत्या.

इतकी वर्षं शिकवलेला नियम. दोन संख्यांमध्ये एकशिवाय दुसरा सामाईक विभाजक नसेल तरच असं चालतं, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. पण त्या दिवशी झोपेत त्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं.

"चिठ्ठी कुणी फिरवली तेही कळलंय," सर म्हणाले. "परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षकांनी एक नाव टिपून ठेवलं होतं. मागे वळून बोलत होती. तुमची ती रेडिओ."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? विचारलं, चिठ्ठी फिरवलीस का? तर म्हणे, पट्टी मागत होते. सगळ्या वर्गाला उभं केलं, कुणी तोंड उघडेना. उद्या तिच्या आईला बोलावलंय. आधीची तुमची तक्रार आहेच, ही दुसरी. दाखला देऊन टाकू. वर्गशिक्षिका म्हणून इथे तुमची सही लागेल." सरांनी पेन पुढे केलं. "तुमची पण ब्याद टळेल एकदाची."

बाईंनी पेन घेतलं आणि टेबलावर ठेवलं. "डोकं दुखतंय सर. उद्या करते."

"करा, करा. आणि हो, ग्रंथालयाचं पत्र तयार आहे. हे प्रकरण मिटलं की तेही देतो."

बसमध्ये बाईंना बसायला जागा मिळाली, जी एरवी कधी मिळत नसे, आणि त्यांना तिचंही काही वाटलं नाही. पालथा घडा म्हणे. इतके दिवस त्या समजत होत्या की आपलं कुणी ऐकत नाही. पोरांनी ऐकलं होतं. डुलक्या काढणाऱ्याने ऐकलं होतं, खिडकीबाहेर बघणाऱ्याने ऐकलं होतं, पूर्णविरामासकट ऐकलं होतं. बरोबर सांगितलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे, पण हे एक वाक्य मात्र प्रत्येकाच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. बाईंना हसू आलं.

घरी नवरा स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता. बाईंनी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगितलं. त्याने सोललेल्या दाण्यांवर बोटाने हिशेब केला.

"बाराला दोनने जातो, चारने जातो. आठने नाही जात," तो म्हणाला. "अगं, हे तर बाराला कळतं. कुणीच बघितलं नाही?"

"मी सांगितलं म्हटल्यावर कोण बघतंय?"

"मग तू असं कर. सही करू नकोस, पण बोलूही नकोस. म्हण, मला खात्री वाटत नाही. पोरगी सुटेल, तुझंही झाकलेलं राहील."

"नाही सुटणार हो. सरांना कुणीतरी हवंय. आणि माझीच तक्रार त्यांच्या हातात आहे."

"आणि सांगितलंस तर ग्रंथालय गेलं."

"गेलं."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचं हाड मोडलं होतं, कान शाबूत होते. "काय लिहिलं होतं गं पोरांनी?"

बाई दारात गेल्या. "विषय संपला."

सासूबाई उशीवर मान टेकून हसायला लागल्या आणि हसता हसता कळ येऊन थांबल्या. "अगं, हे तर आपल्या घरातलं वाक्य. तुझ्या सरांना कळलं नाही होय? या घरातल्या मांजरालाही कळलं असतं." मग त्यांनी चादर वर ओढली. "मला त्या ग्रंथालयाचं वाटत होतं हो. तू बसशील, जरा माणसात येशील. पण दुसऱ्याच्या लेकरावर ढकलून मिळालेल्या खुर्चीत तुला काय बसवणार आहे? आत्ताच तू एका कुशीवर धड झोपत नाहीस."

बाई दारातून वळल्या. त्यांना असं शहाणपण नको होतं, झोप हवी होती. सगळ्यांना किती सोपं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या चहा टाकायला गेल्या.

सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर रेडिओ आणि तिची आई बसल्या होत्या. आई कडक इस्त्रीची साडी नेसली होती आणि बाई आल्यावर ती उठून उभी राहिली.

"बाई, तुम्ही सांगा ना सरांना," ती म्हणाली. "बोलते खूप, मला माहीत आहे. घरीपण गिऱ्हाइकांचं डोकं खाते. पण चोरून लिहायची नाही हो. ही शाळा सुटली तर दुसरी लांब आहे, दुकान सोडून हिला कोण नेणार, कोण आणणार? मग बसेल माझ्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालत."

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "मी आत जातेच आहे." आणि मग मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "काल सरांना का नाही सांगितलंस, हे बाईंनी शिकवलं म्हणून?"

रेडिओ खाली बघत होती. "त्यांनी विचारलंच नाही. चिठ्ठी कुणी फिरवली तेवढंच विचारलं. चिठ्ठी नव्हतीच."

"नियम चूक होता ते तुला कळलंय का आता?"

"आता नाही, बाई. तेव्हाच." तिने एकदा आईकडे बघितलं. "बाराला जात नाही. मी लगेच उठले होते. तुम्ही म्हणालात, रोज उठून फाटे फोडू नकोस, बाहेर जाऊन उभी राहा. मग घंटा झाली."

बाईंना हे आठवेना. त्यांनी खूप आठवून पाहिलं. ज्या दिवशी आपण चूक बोललो तो दिवस आठवत होता, खडू टाकलेला आठवत होता, पण दारात उभी केलेली मुलगी काही केल्या आठवेना. बहुतेक रोजच कुणीतरी दारात उभं असायचं. त्यांना स्वतःची लाज वाटली, उघडी आणि साधी लाज, पायांतल्या दुखण्यासारखी जाणवणारी.

"मग पेपरात बरोबर का नाही लिहिलंस? तुला तर येत होतं."

"सगळे तसंच लिहिणार होते," रेडिओ म्हणाली. "मी एकटीने वेगळं लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हिने परत ऐकलं नाही. तक्रार झाली होती ना, बाई. आईला मी शब्द दिला होता, सांगतील तेवढंच लिहीन म्हणून."

आईने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. बाई दार लोटून आत गेल्या.

सरांना पटवायला वेळ लागला नाही, पण पटवून घ्यायची त्यांची इच्छा नव्हती. ते आधी हसले. मग त्यांनी विचारलं, तुम्ही मुलीला वाचवायला असं म्हणताय का? मग बाईंनी खिडकीशी जाऊन वर्गातल्या तीन मुलांना बोलावलं आणि एकेकाला वेगवेगळं विचारलं, आठची कसोटी काय? तिघांनीही हात मागे बांधून, बाईंच्याच सुरात, बे चोक आठपासून विषय संपलापर्यंत म्हणून दाखवलं. तिसऱ्याने तर बाईंसारखी मान झटकली. सरांनी चष्मा काढून ठेवला.

"बाई, तुम्हाला कळतंय का, मला हे संस्थेला कळवावं लागेल? कॉपी झाली तर वर्ग दोषी. चूक शिकवलं तर शिक्षक दोषी."

"शिक्षकच दोषी आहे, सर."

"अहो पण ग्रंथालय."

"कळतंय."

"विचार करा. मी म्हणतो, मुलीला समज देऊन सोडू. दाखला नको. तुम्ही सही करा, मी प्रकरण इथल्या इथे मिटवतो. सगळ्यांचंच भलं."

बाईंनी टेबलावरच्या पेनाकडे बघितलं. सरांची तडजोड मोठी लोभस होती. मुलगी शाळेत राहील, त्या ग्रंथालयात जातील, कुणाचं काही बिघडणार नाही. फक्त त्या कागदावर लिहिलेलं राहील की शेवटच्या बाकावरच्या मुलीने चिठ्ठी फिरवली, आणि खाली त्यांची सही असेल. थकलेल्या माणसाला अशा वेळी फार बरं वाटतं, आणि त्यांनाही वाटलं.

"नाही हो, सर," त्या म्हणाल्या. "मीच लिहून देते काय झालं ते."

त्यांनी लिहून दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं, सुस्कारा सोडला आणि ग्रंथालयाचं पत्र खणात परत ठेवलं. ती जागा पुढे चित्रकलेच्या शिक्षकांना मिळाली. रेडिओच्या आईला आत बोलावून सरांनी सांगितलं की गैरसमज झाला होता. ती पुन्हा पुन्हा आभार मानत राहिली, आणि तिने बाईंचेही आभार मानले, ते ऐकणं बाईंना सगळ्यात जड गेलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर सहावीचा तास होता. बाईंनी फळ्यावर बारा लिहिले आणि वर्गाला सांगितलं की आठचा नियम मी चुकीचा शिकवला होता. बाराला दोनने जातो, चारने जातो, आठने जात नाही. परीक्षेत तुमची चूक नव्हती, माझी होती. वर्ग ऐकत राहिला. कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने हात वर केला.

"बाई, जुना नियम खोडायचा का पान फाडायचं?"

"खोड," बाई म्हणाल्या. सगळ्या वर्गात खोडण्याचा आवाज झाला.

मग त्यांनी खरा नियम दिला, शेवटचे तीन अंक. उदाहरणं घातली. वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. बाईंनी या शांततेसाठी इतके महिने जिवाचा आटापिटा केला होता, आणि आता ती मिळाली तर त्यांना शेवटच्या बाकाकडे बघवेना. रेडिओ ताठ बसली होती, दोन्ही हात बाकावर, तोंड मिटलेलं. "कुणाला शंका?" बाईंनी विचारलं. नाही. "शून्याबद्दलही नाही?" रेडिओने मान हलवली, नाही. ती रुसली नव्हती. तिने फक्त शिकायचं ते शिकून घेतलं होतं, आणि ते गणितातलं नव्हतं.

बाई फळ्याकडे वळल्या. त्यांचे पाय दुखत होते, तासाचा निम्मा वेळ अजून शिल्लक होता, आणि त्यांच्यापुढे निवृत्तीपर्यंतचे असेच तास होते. त्यांनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: '४ ने जातो आणि ६ ने जातो. चार सक चोवीस. म्हणून २४ ने जातोच.' मग खडू खाली ठेवून त्या वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पोरांनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागली. सगळी. हुशार मुलीने खाली रेघही मारली. एवढं सगळं सांगून झालं होतं, आणि तरी लिहीत होती. बाई थांबल्या. मागच्या बाकावरचं पेन चाललं, अर्ध्या ओळीत थबकलं, पुन्हा चाललं, आणि मग बाजूला ठेवलं गेलं. रेडिओने फळ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"बोल," बाई म्हणाल्या.

"काही नाही, बाई."

"काहीतरी आहे. बोल गं. बाहेर नाही काढत."

रेडिओचे ओठ हलले. शेजारच्या मुलीलाही ऐकू गेलं नसेल. बाई बाकांच्या रांगेतून चालत मागे गेल्या, अगदी तिच्या बाकापाशी जाऊन वाकल्या.

"छत्तीस," ती पुटपुटली. "छत्तीसला चारने जातो, सहाने जातो. चोवीसने नाही जात."

"मोठ्याने बोल," बाई म्हणाल्या. "पुढच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे."